आधी वाटणी, मग बिऱ्हाड

खानदेशात वाटणीला एक रीत असते. आधी चुली वेगळ्या होतात, मग बांधावरचं बोलणं कमी होतं, मग कोणाच्या तरी लग्नात मानपानावरून तोंडं फिरतात, आणि हे सगळं दहा-वीस वर्षं मुरलं की एक दिवस थोरला भाऊ तलाठ्याकडे जातो. संगणक चालवणाऱ्या लिनक्सला इतका धीर नाही. तुम्ही त्याला पहिल्यांदाच घरात घेत असता, त्याचा चेहराही अजून धड पाहिलेला नसतो, आणि भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, वायफायचा पासवर्ड काय एवढं चहापाणी उरकलं की तो थेट विषयावर येतो : डिस्कचे भाग किती पाडायचे, आणि कोणाला किती?

प्रश्न दिसायला साधा आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर पुढची पाच वर्षं आपण कसे जगणार हे ठाऊक असावं लागतं. फोटो किती काढणार, सिनेमे किती साठवणार, नव्या पाहुण्यावर जीव जडणार की महिन्याभरात पुन्हा जुन्याच्याच गळ्यात पडणार. हे सगळं गिगाबाइटमध्ये सांगायचं.

आमच्या सुरतेतल्या डिंडोलीत हा प्रश्न आला तो १४ ऑक्टोबर २०२५ नंतर. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून अंग काढून घेतलं. आमचा लॅपटॉप धडधाकट, पण वयस्कर. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचा सहाव्या पिढीतला. यंत्र चालतंय, पडदा उजळतोय, बटणं जागच्या जागी आहेत, पण पिढी चुकली. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसाला कोणत्या पिढीत आलात हा प्रश्न नवा नाही. लॅपटॉपलाही कोणी तो विचारेल असं मात्र वाटलं नव्हतं.

भाचा म्हणाला, “मामा, लिनक्स मिंट टाकू. फुकट आहे, हलकं आहे.”

हा भाचा उधन्याला एम्ब्रॉयडरीच्या खात्यात पंचिंग करतो. पंचिंग म्हणजे साडीवरच्या वेलबुट्टीचं चित्र घ्यायचं आणि सुई कुठे उतरेल, कुठे वळेल, धागा कुठे तुटेल याची टाक्याटाक्याची फाइल बनवायची. ती डीएसटी फाइल पेन ड्राइव्हवरून मशीनला दिली की एका रांगेतली सगळी डोकी एकदम तीच बुट्टी भरायला लागतात. त्याचं पंचिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, आणि तेही यूएसबीत कुलूप खोचलेलं असेल तरच. लिनक्सवर इंकस्टिच नावाचं फुकट साधन आहे आणि डीएसटी त्यालाही काढता येते, पण शेठला रात्री दहा वाजता डिझाइन हवं असतं तेव्हा नवं साधन शिकत बसता येत नाही. थोडक्यात, विंडोज पुसायची नव्हती. दोघांनाही एकाच घरात ठेवायचं होतं. याला ड्युअल बूट म्हणतात.

बायकोचं मत याहून स्वच्छ होतं. “सुरतेत येऊन इतकी वर्षं झाली, पण अमळनेरचं घर विकलं का आपण? मग ती विंडोज कशाला पुसता?”

अमळनेरच्या त्या घराला कुलूप आहे. किल्ली आमच्याकडे, घरपट्टी आमच्याकडे, आणि आत राहतं ते उंदरांचं कुटुंब. पण विकायचं नाही, हे ठरलेलं. तेव्हा लॅपटॉपवरची विंडोजही राहिली.

आता भागांकडे येऊ. डिस्क ५०० जीबीची, असं खोक्यावर छापलेलं होतं. इन्स्टॉलरच्या आधी विंडोजमध्ये उघडून पाहिलं तर ४६५. त्याच वेळी शेजारचे काका आले. काका रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये आयुष्यभर दलाली करून आता निवृत्त झालेत. निवृत्त म्हणजे कमिशन घेत नाहीत, मत देतात. त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला आणि त्यांच्यातला दलाल ताडकन जागा झाला.

“भाऊ, पांत्रीस क्यां गया?”

सुरतेत मराठी माणूस हा ‘भाऊ’च असतो. नाव नंतर, कधी कधी कधीच नाही. मी काकांना समजावलं की डिस्क बनवणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, आणि विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ असं मोजते, जे शंभर कोटींहून सात टक्क्यांनी जास्त भरतं. माल तेवढाच आहे, मोजपट्टी वेगळी. काका क्षणभरच गप्प राहिले. मग म्हणाले, “वेचनारो नानी पट्टीथी मापे ने लेनारो मोटी पट्टीथी. आ तो आपणुं मार्केट ज छे!” संगणकाबद्दल त्यांचा आदर तिथून वाढला.

भारतात घरगुती संगणक वापरलेल्या माणसाला पार्टिशन नवं नसतं. आपल्याकडे असेंबल करून देणारा दुकानदार डिस्कचे तीन-चार भाग पाडूनच यंत्र घरी पाठवायचा. सीमध्ये विंडोज, डीमध्ये गाणी, ईमध्ये सिनेमे, आणि एफमध्ये जे कोणाला दाखवायचं नाही ते. ए आणि बी कुठे गेले हे विचारायचं नाही. ती अक्षरं फ्लॉपीची, आणि फ्लॉपी गेल्या तरी त्यांची खुर्ची कोणी घेतली नाही. विंडोज बिघडली की दुकानदार सी पुसून नवी टाकायचा आणि डी-ई शाबूत राहायचे. एवढाच हिशेब, पण त्यात शहाणपण होतं. लिनक्सवाले ‘होम’ वेगळं ठेवा म्हणतात ते याच शहाणपणाने : आपली कागदपत्रं, फोटो, सवयी सगळं होममध्ये, म्हणजे खालची व्यवस्था बदलली तरी माणसाचं सामान हलत नाही.

पण लिनक्समध्ये सी नाही आणि डीही नाही. तिथे एकच मूळ, रूट, आणि ते लिहितात नुसत्या एका तिरक्या रेघेने. बाकी सगळं त्या रेघेला लोंबकळतं. डिस्कच्या भागांची नावं एसडीए १, एसडीए २ अशी. जुन्या यंत्रात तर दोनच भाग असतानाही एसडीए १ नंतर थेट एसडीए ५ दिसायचा आणि नवखा माणूस मधले तीन शोधत बसायचा. ते कधी हरवलेलेच नसतात. गोष्ट १९८३ ची आहे. आयबीएमने पीसी एक्सटी काढला, त्यात १० एमबीची डिस्क बसवली, आणि सोबतच्या डॉस २.० मध्ये ती विभागायची सोय दिली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये वाटणीचा कागद ठेवला, आणि त्यात जागा चारच भागांपुरती. दहा एमबीचे चार भाग म्हणजे पुष्कळ झाले, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. पुढे डिस्क वाढल्या, चार पुरेनात, तेव्हा चौघांपैकी एकाला ‘विस्तारित’ ठरवून त्याच्या पोटात आणखी भाग कोंबायची युक्ती निघाली. लिनक्सने पहिले चार आकडे मूळच्या मानकऱ्यांसाठी राखून ठेवले, ते हजर असोत वा नसोत, आणि पोटातल्यांना पाचपासून मोजलं. हल्लीच्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ भागांची सोय असते, एवढे भाग पाडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्या ५१२ बाइटपैकी वाटणीच्या कागदाला मिळतात फक्त ६४. एका भागाला सोळा. त्यात लिहिलेलं असतं ते जवळपास एवढंच : कुठून सुरू, केवढा, कोणत्या प्रकारचा. हे कळलं तेव्हा मला नवापूर आठवलं.

सुरतेहून भुसावळकडे जाणारा खानदेशी माणूस नवापूर स्टेशनावर खिडकीबाहेर बघतोच. स्टेशन जुनं, तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गावरचं. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. नकाशावर रेघ ओढणाऱ्याची पेन्सिल नवापूरच्या फलाटावरून गेली. फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तर गुजरातेत. एक बाकडं तर असं आहे की त्याच्या मधोमध रेघ आहे : या टोकाला बसलात तर नंदुरबार जिल्हा, त्या टोकाला सरकलात तर गुजरात. त्या बाकड्यावर बसून लोक फोटो काढतात, आणि नवरा-बायकोने दोन राज्यांत बसून एकाच कागदातली भजी खाण्यात जी मजा आहे ती प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत सहसा येत नाही.

पण स्टेशन कोणी कापलं नाही. रूळ तोडले नाहीत, फलाटात भिंत घातली नाही. रेघ कागदावर आहे, आणि गाडी कागद वाचत नाही. डिस्कचंही नेमकं हेच. पार्टिशन पाडताना आत काही चिरलं जात नाही, चकती तशीच गरगरत राहते. बदलतो तो पहिल्या पानावरचा मजकूर. म्हणूनच चुकून एखादा भाग नुसता काढून टाकला, त्यावर दुसरं काही लिहिलं नाही, तर टेस्टडिस्कसारखा प्रोग्राम सगळी डिस्क धुंडाळून हरवलेली रेघ बऱ्याचदा पुन्हा शोधून काढतो. माणसं आपापल्या जागी असतात, फक्त त्यांचं नाव कागदावरून गेलेलं असतं. दप्तरात असे प्रकार कसे होतात हे ज्याने तहसील कचेरीत एकदा तरी चप्पल झिजवली आहे त्याला निराळं सांगायला नको.

आणि या शेजारात थोडं एकतर्फीपण आहे. लिनक्सला विंडोजचा एनटीएफएस भाग दिसतो, त्यातल्या फाइली उघडता येतात, लिहिताही येतं. विंडोजला लिनक्सचा ईएक्सटी४ भाग वाचता येत नाही. तशी एखादी बाहेरची डिस्क जोडलीत तर विंडोज फार अदबीने विचारते की ही फॉरमॅट करू का? म्हणजे मला कळत नाही, तेव्हा पुसून टाकू का? सुरतेतला मराठी माणूस बसची पाटी, दुकानाची पाटी, लाइटबिल सगळं गुजरातीत वाचतो. मराठी कळण्यावाचून शेजाऱ्याचं काही अडत नाही. काका मात्र अपवाद. त्यांना मराठीतल्या शिव्या सगळ्या येतात.

वाटणीच्या आदल्या दिवशी सल्लागार जमतात, तसे जमले. भाच्याच्या मित्राने फोनवर सांगितलं, स्वॅप वेगळं काढा, रॅमच्या दुप्पट. हा नियम जुन्या काळचा. स्वॅप म्हणजे रॅम भरली की जादा माल डिस्कवर उतरवून ठेवायची जागा, आणि रॅम जेव्हा मूठभर असायची तेव्हा दुप्पट म्हणजेही मूठभरच होतं. आता आठ जीबीची दुप्पट सोळा जीबी नुसती आडोशाला ठेवायची? उबुंटूने २०१७ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये वेगळा भाग सोडून नुसती फाइल वापरायला सुरुवात केली, आणि मिंट उबुंटूच्याच कुळातलं. पण नियम मागे राहतात, जशी ए आणि बी राहिली. दुसऱ्या एकाने बूटचाही भाग वेगळा हवा म्हणून आग्रह धरला. का, तर त्याने पहिल्यांदा केलं तेव्हा तसं सांगितलं होतं. आई आतून डोकावून म्हणाली, “काय करी ऱ्हायना रे?” वाटणी करतोय म्हटल्यावर ती काही न बोलता परत गेली. तिने खऱ्या पाहिल्या आहेत.

कामाचे सल्ले दोनच निघाले. पहिला, विंडोज आक्रसायची ती विंडोजच्याच हाताने. तिथे एक गंमत होते : डिस्कवर दोनशे जीबी मोकळी दिसते, पण विंडोज पन्नासच सोडायला तयार होते. कारण हायबरनेशनची, पेजिंगची अशा काही हलवता न येणाऱ्या फाइली मोकळ्या मैदानाच्या मधोमध ठाण मांडून बसलेल्या असतात. त्या सोयी तात्पुरत्या बंद करायच्या, भाग आक्रसायचा, मग हव्या तर परत चालू करायच्या. दुसरा सल्ला, फास्ट स्टार्टअप कायमचं बंद ठेवायचं. ते चालू असलं की विंडोज बंद झाल्यासारखी दिसते पण खरं तर डोळे मिटून पडलेली असते, आणि तिच्या सामानाला त्या वेळी हात लावणं धोक्याचं.

आणि तिसरा, जो सगळे देतात : आधी दुसरी प्रत काढा. सुरतेत हा विषय मराठी माणसाने जपूनच काढावा. १६६४ मध्ये एकदा आणि १६७० मध्ये पुन्हा, असं सगळं एकाच ठिकाणी ठेवण्याचे परिणाम या शहराला आमच्याच लोकांनी समजावून दिलेले आहेत. काका हे मला दर दिवाळीत ऐकवतात, घारीची ताटली पुढे करत. त्यांना इतिहासाचा राग नाही, हिशेब अजून मिटलेला नाही एवढंच त्यांचं म्हणणं. वरच्या मजल्यावर एक प्रत ठेवायचं मात्र त्यांनाच सुचलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं तेव्हापासून ते कोणतीही मोलाची वस्तू तळमजल्यावर ठेवत नाहीत.

भाग उडाल्याने कोणाचं भलंही झालेलं आहे. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स १९९१ मध्ये हेलसिंकीला विद्यार्थी होते आणि त्यांच्या यंत्रावर मिनिक्स नावाची दुसरीच प्रणाली नांदत होती, लिनक्स तिच्या आश्रयाने वाढत होतं. एकदा मॉडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायचा म्हणून त्यांनी जी आज्ञा दिली ती मॉडेमऐवजी हार्ड डिस्कला गेली, आणि मिनिक्सच्या भागाच्या मोक्याच्या जागेवर फोन लावायच्या सूचना लिहिल्या गेल्या. मिनिक्स गेलं. पुन्हा ते घालायचं की आपलंच पोर कामाला लावायचं, हा प्रश्न होता. त्यांनी पोराला लावलं. म्हणजे जगातलं लिनक्सचं पहिलं स्वतंत्र बिऱ्हाड मांडलं गेलं तेही ठरवून केलेल्या वाटणीने नव्हे, रॉंग नंबरने.

आमच्याकडे असं काही नाट्य झालं नाही. इन्स्टॉलरने एक लांब पट्टी दाखवली, डावीकडे विंडोज, उजवीकडे मिंट, मध्ये एक खूण. खूण माउसने धरून ओढायची. डावीकडे ओढली की विंडोज आखडते, उजवीकडे ओढली की मिंट. आयुष्यातले बरेच निर्णय मी भाच्याच्या देखत घेत नाही, पण हा घ्यावा लागला. मी अर्धं-अर्धं म्हणत होतो. भाचा म्हणाला, पंचिंगच्या फाइली किती वाढतील सांगता येत नाही, विंडोजला जास्त ठेवा. बायको म्हणाली, घरातले फोटो कुठे जाणार ते आधी ठरवा, खूण मग ओढा. हा प्रश्न इन्स्टॉलरने विचारला नव्हता, मला सुचला नव्हता, आणि तोच खरा होता. शेवटी फोटोंसाठी तिसरा भाग एनटीएफएसमध्ये काढला, जो दोघांनाही उघडता येईल. पुढे झालं असं, की महत्त्वाचं सगळं त्या तिसऱ्या भागात जाऊन बसलं. भाच्याच्या डीएसटी, आईचे रिपोर्ट, अमळनेरच्या घरपट्टीच्या पावत्या. दोन मालकांच्या हद्दीत ज्याची-त्याची यंत्रणा तेवढी राहिली. किती काळजीने ओढली होती ती खूण, पण तिच्यावाचून कोणाचं काही अडलं नाही.

काकांनी हे सगळं पाहिलं आणि काही दिवसांनी दुकानातला संगणक रिक्षात घालून माझ्याकडे घेऊन आले. त्यांच्या यंत्रावर टॅली आहे, ते विंडोजवर चालतं, तेव्हा लिनक्सचा विषय नव्हता. त्यांना फक्त भाग हवे होते. तीन मुलगे आहेत, तिघेही दुकानात बसतात, तिघेही एकाच यंत्रावर आणि एकमेकांच्या फाइली हलवतात म्हणून रोज कुरबुर.

“त्रण भाग. सरखा.”

मी म्हटलं, काका, त्यासाठी डिस्क कापायची गरज नाही, तीन वेगळी खाती काढून देतो, ज्याचं त्याला दिसेल. काकांना खाती मान्य नव्हती. खात्यात खाडाखोड होते, म्हणाले. रेघ हवी. मग मी कागद घेतला, जुनी डिस्क, एक भाग विंडोजचा, उरलेल्याचे तीन, सारखे. आकडे लिहून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून बेरीज स्वतः करून पाहिली. मोठ्या पट्टीने, छोट्या पट्टीने, दोन्हींनी.

“आणि तुमचा भाग, काका? तुमच्यासाठी काहीच ठेवलं नाहीत.”

“मारो?” काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “भाग तो छोकराओने आप. मने पासवर्ड आप.”